आकारांची पहिली ओळख

चार वर्षांच्या मुलापुढें पाटी धरून 'हा त्रिकोण, म्हण त्रिकोण' असें घोकवून घेणें फार सोपें आहे. परंतु तो शब्द जिभेवरच राहतो. बोटांना त्याची खबरहि नसते. मादाम माँटेसरी यांनीं लांकडी आकृत्यांच्या कडांवरून मुलांना बोटें फिरवूं दिलीं, तीं याचसाठीं. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी येथें, ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. तेथें महाग साधनांऐवजीं शंख-शिंपले, खडे, पानें हींच मुलांच्या हातीं आलीं.

आमच्या भिवंडींत तर मागाच्या सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन हवे तितके मिळतात. असा एक कोन आणि एक साधा गोल डबा जमिनीवर आडवे ठेवून ढकलून द्या. डबा सरळ जातो. कोन वळसा घेतो. कां, हें लगेच सांगूं नका. दहा वेळां ढकलूं द्या.

आपण चेंडूलाहि गोल म्हणतों, बांगडीलाहि गोल. घोटाळा होतो तो आपल्या बोलण्यानें. चेंडू कसाहि ठेवा, घरंगळतो. बांगडी आडवी ठेवली कीं निजून राहते. हा भेद हाताला कळल्यावर मग 'वर्तुळ' हा शब्द द्यावा.

चौकोनी वडीचें टोंक मुलाकडे केलें, तर पुष्कळदां तें तिला चौकोन म्हणावयास तयार होत नाहीं. येथें आपण रागावतों, आणि गणिताची धास्ती, मला वाटतें, येथेंच रुजते. रागावूं नये, ताटली हळूच फिरवावी आणि पुन्हां विचारावें.