नागरिकशास्त्राच्या तासाला हर्रास

(मंगरूळपीर येथे शिक्षक व कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र हे सर्वांत निर्जीव विषय मानले जातात, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या मुलाच्या घरी सोयाबीनला काय भाव मिळाला यावर दिवाळीचे कपडे ठरतात, तोच मुलगा वर्गात 'मागणी वाढली की किंमत वाढते' हे वाक्य घोकतो; आणि त्या वाक्याचा बापाच्या हिशोबपट्टीशी काही संबंध असेल, अशी शंकादेखील त्याला शिवत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती त्याला पाठ असते. ग्रामसभा भरलेली त्याने पाहिलेली नसते.

राज्यकारभार आणि अर्थव्यवहार हे करून पाहण्याचे विषय आहेत, म्हणून ते वर्गात खेळातून शिकवावेत, हा विचार आपल्याकडे अपरिचित नाही. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांत अभिरूप संसद भरवण्यास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेची योजना सुरू झाली. शालेय मंत्रिमंडळे तर खेडोपाडी आहेत. परंतु त्यांत घडते काय? युवा संसदेत गुण मिळतात ते शिस्तीला, सभाशिष्टाचाराला आणि वक्तृत्वाला. शालेय मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्री नखे तपासतो, पाणीमंत्री टाकी भरली की नाही ते पाहतो, आणि मुख्याध्यापकांना न रुचणारा ठराव तेथे सहसा येतच नाही. (वरच्या मंत्रिमंडळांचे खरे चित्र यात उतरले आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे!) सत्ता कोणाकडे, पैसा कोणाचा आणि नियम केले कोणी, हे प्रश्न त्यात उपस्थितच होत नाहीत.

केवळ खेळ आणला म्हणजे शिक्षण पुरोगामी झाले, असेही नव्हे. सुटीत मुले 'व्यापार' खेळतात. त्या जातीच्या खेळांचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळात आहे. त्याचे पेटंट १९०४ सालचे. जमिनीचा खंड खाणारा काहीही न करता कसा गबर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे हेन्री जॉर्ज यांचे म्हणणे लोकांना कळावे, हा बाईंचा हेतू होता. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने ते पेटंट ५०० डॉलरला घेतले, आणि जगभर पसरला तो मक्तेदाराला विजयी ठरवणारा 'मोनोपॉली'. खेळाचा सांगाडा तोच राहिला, शिकवण मात्र उलटी झाली. याच्या नेमके उलट उदाहरण गॅरी शर्ट्स यांच्या १९६९ सालच्या 'स्टारपॉवर' या खेळाचे. त्यात मुले सोंगट्यांची देवघेव करतात आणि तीन गट पडतात. मग सर्वांत श्रीमंत गटाला पुढील नियम करण्याचा अधिकार मिळतो. तो गट बहुधा नियम आपल्याच सोयीचे करतो. बाकीची मुले चिडतात, रुसतात, खेळ सोडून जातात. जे पुस्तकाच्या दहा पानांनी कळत नाही, ते त्या रागातून कळते.

मंगरूळपीरच्या शिक्षकाला मात्र सोंगट्या परदेशातून आणण्याचे कारण नाही. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ १८८६ साली कारंजाला, म्हणजे आजच्या याच वाशीम जिल्ह्यात झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. पण त्याने नेमलेल्या समित्यांवर वर्चस्व राहिले ते व्यापाऱ्यांचे. बाजाराचे नियम कोणी करायचे, हा या मातीतला जुना तंटा आहे.

तेव्हा चाळीस मुलांच्या वर्गात हर्रासच मांडावी. तीस शेतकरी, चार व्यापारी, दोन अडते, एक मापारी आणि तिघे बाजार समितीचे. शेतकऱ्यांना चिठ्ठ्या वाटाव्यात : कोणाच्या हाती तीन क्विंटल, कोणाच्या चाळीस. सोबत दुसरी चिठ्ठी देण्याची असावी. त्यात कृषी सेवा केंद्राची उधारी, सोंगणी-मळणीची मजुरी, दवाखाना. ज्याला देणे आजच फेडायचे आहे, तो पहिल्या बोलीला माल सोडतो. चाळीस क्विंटलवाला थांबतो. पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात ही थांबण्याची ताकद कोठेच दाखवलेली नसते.

दुसऱ्या फेरीत हमीभावाचे केंद्र उघडावे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातील भाव त्याच्या खाली होते. मग माल केंद्रावर का गेला नाही? इथे तिसरी चिठ्ठी काढायची : ओलावा. बारा टक्क्यांची अट होती. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये पंधरापर्यंत शिथिल झाली, पण तोवर कित्येकांचा माल विकला गेला होता. नंतरच्या फेरीत शेतमाल तारण योजना आणावी. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत, ६ टक्के व्याज. मात्र वर्गातल्या गोदामात जागा दहाच जणांची ठेवावी, आणि ती कोणाला द्यायची हे समितीने ठरवावे. मध्येच दिल्लीची एक चिठ्ठी यावी : कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले, मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आले. पार्डी किंवा शेलूच्या खळ्यावरचा भाव दिल्लीच्या अधिसूचनेने हलू शकतो, हे मुलाला तेव्हा उमगते.

शेवटी समितीची निवडणूक. खऱ्या बाजार समितीत अठरा संचालक असतात : अकरा सेवा सहकारी संस्थांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन अडते-व्यापाऱ्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. शेतकऱ्याला थेट मताचा हक्क २०१७ साली मिळाला आणि २०२० साली गेला. वर्गातही एकदा मोजक्यांनाच मत द्यावे, एकदा सर्वांना, आणि गोदामाची जागा दोन्ही वेळी कोणाच्या वाट्याला येते ते फळ्यावर लिहावे. फरक पडतो की नाही, हे मुलांनीच पाहावे.

कार्यकर्त्यांना येथे एक मोह होईल. व्यापाऱ्याला खलनायक ठरवून तास संपवावा, असे वाटेल. तसे झाले तर तो खेळ उरणार नाही, पथनाट्य होईल, आणि तेही वाईट. वर्गात अडत्याचा मुलगाही बसलेला असतो. त्याला तीन क्विंटलची चिठ्ठी द्यावी. व्यापारी झालेल्या मुलालाही तेल गिरणीने दिलेल्या भावापलीकडे जाता येणार नाही, अशी अट हवी. त्या अटीमुळेच साखळीचा पुढचा दुवा त्याला शोधावासा वाटेल. एखाद्या मुलीने खुला बाजारच बरा, असा निष्कर्ष काढला, तर तिला कारणे विचारावीत. गप्प करू नये. खेळाला एक तास दिला तर चर्चेलाही एक तास द्यावा. कोणाला राग आला, कोण फसवले गेले, कोणता नियम बदलावासा वाटला, हे बोलले गेले नाही तर मुलांच्या ध्यानात एवढेच राहते की अमका जिंकला.

अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, परीक्षा, शिक्षकांवरील शाळाबाह्य कामे, या अडचणी खऱ्या आहेत. त्यासाठी आरंभ वर्षातून एकदाच, इयत्ता नववीपासून करावा. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतात तेव्हा आवक जोरात असते. मुलांना घरची हिशोबपट्टी आणायला सांगता येते. तिच्यावरची नावे झाकून आकडे फळ्यावर लिहावेत. हमाली, तोलाई वजा जाता हाती काय उरले, याची वजाबाकी मुले स्वतःच करतील. चिठ्ठ्यांसाठी जुन्या वह्यांचे उरलेले कोरे कागद पुरतात.