अडखळणारं शाईपेन



नवं, स्वस्तातलं शाईपेन अडखळतंय?
फेकू नका.
आधी धुवा.

कारखान्यातलं तेल कधीकधी आत राहतं.
मग शाई नीट उतरत नाही.

कोमट पाण्यात
भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका.
निब आणि तिच्याखालची जीभ
त्यात थोडा वेळ बुडवा.
मग साध्या पाण्यानं खळखळून धुवा.

आपल्या संभाजीनगरात बोअरचं पाणी जड.
म्हणून शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या.

तरीही कोरडं?
निब उजेडात धरा.
मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची टोकं एका पातळीत हवीत.
वर आलेलं टोक
नखानं अगदी हलकेच दाबा.

चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र कधीच भरू नका.
ती आत वाळून बसते.

तर, आधी धुवा.
आणि संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात
लिहून होताच टोपण लावा.