वाळूच्या मुलखात

आज आम्ही तुम्हांला थरच्या वाळवंटाची हकिकत सांगणार आहोत. हे वाळवंट राजस्थानात आहे. त्याचा काही भाग सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात आहे. माघ महिना सरता सरता आम्ही तिकडे गेलो होतो. जैसलमेर शहराच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर सम नावाचं खेडं आहे. तिथं वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. एक म्हातारा उंटवाला आम्ही वाटाड्या म्हणून बरोबर घेतला.

वाळवंट म्हटलं की जिकडे तिकडे वाळूच वाळू असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. बराच मुलूख खडकाळ माळाचा आहे. थेट आपल्या सोलापूरकडच्या माळासारखा. पाऊस अगदी थोडा. तरी त्या माळावर सेवण नावाचं गवत उगवतं. खेजडीचं झाड वाढतं. खेजडी म्हणजे कोण, ठाऊक आहे? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती शमी. तिची मुळं फार खोल जातात. तिचा पाला शेळ्या आणि उंट खातात. तिच्या कोवळ्या शेंगांची माणसं भाजी करतात. त्या शेंगांना तिकडे सांगरी म्हणतात.

आता वाळूची टेकडी कशी होते ते पाहा. वारा वाळू ढकलत आणतो. वाटेत झुडूप आडवं आलं की वाऱ्याचा जोर कमी पडतो. वाळू तिथंच बसते. हळूहळू ढीग वाढतो. वाऱ्याकडची बाजू चढायला सोपी असते. पलीकडची बाजू उभी असते. वाळूचे कण उड्या मारत माथ्यावर जातात आणि पलीकडे घसरून पडतात. असं चालू राहिलं की सगळी टेकडीच पुढं सरकते! मग वाट बुजते, शेतही गाडलं जातं. यावर उपाय शोधण्यासाठी जोधपूरला 1952 साली एक सरकारी केंद्र निघालं. 1959 साली त्याचीच मोठी संशोधन संस्था झाली. काट्याकुट्यांच्या ओळी रोवून वाळू अडवायची, मग त्या आडोशाला गवत आणि झाडं लावायची, ही रीत तिथल्या लोकांनी दूरवर नेली.

दिवसा या टेकड्यांवर सारं सामसूम दिसतं. मग जनावरं आहेत कुठं? ती बिळात आहेत. वाळू वरून तापते, पण हात-दोन हात खाली गारवा असतो. रात्र झाली की सगळी बाहेर पडतात.

सूर्य उगवायच्या आत आम्ही टेकडीवर गेलो. वाळू म्हणजे जणू पुसून ठेवलेली पाटी. रात्री कोण आलं, कोण गेलं, सारं तिच्यावर लिहिलेलं! आमचा उंटवाला ती अक्षरं भराभर वाचत होता. कापडावर टाके घालावेत तशी बारीक नक्षी म्हणजे काळा किडा. बिळाकडे जाणारी टिंबं म्हणजे वाळूतला उंदीर. एका रेषेत पडलेली पावलं म्हणजे खोकड. पुढं तिरप्या, सुट्या रेघा दिसल्या. आम्ही विचारलं, "बाबा, हे काय?" तो म्हणाला, "जपून! ते फुरसं." कोकणात ज्याची दहशत आहे, तेच हे फुरसं. सुट्या वाळूवर ते सरळ सरपटत नाही, अंग उचलून आडवं आडवं जातं.

माळावर चिंकारा हरणंही दिसली. चिंकारा पाण्यावाचून पुष्कळ दिवस काढतो. पाल्यातला ओलावा आणि दहिवर त्याला पुरतं. उंटाचंही नवल ऐका. त्याच्या मदारीत पाणी असतं असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मदारीत चरबी असते. उपासमारीत ती कामाला येते.

आणि मग दूर गवतात आम्हांला एक उंच पक्षी दिसला. डोक्यावर काळी टोपी, मान पांढुरकी, चाल मोठ्या डौलाची. उंटवाला हळूच म्हणाला, "गोडावण!" मंडळी, गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. पण आज तिथं तो क्वचितच दिसतो. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

का बरं कमी झाले? आधी शिकारीनं मारले. मग माळ नांगरले गेले. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री आणि कोल्हे ते खातात. आता विजेच्या तारांची भर पडली आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. अंग जड, चटकन वळता येत नाही. तारेला धडकला की मेलाच.

वीज तर सर्वांनाच हवी. उन्हापासून वीज करणं चांगलंच काम आहे. म्हणून हा पेच अवघड आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं माळढोकाच्या मुलखात तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. 2024 साली तो आदेश बदलला आणि मार्ग काढायला जाणकारांची समिती नेमली. 2019 पासून सम इथं अंडी उबवून पिलं वाढवण्याचं कामही चालू आहे. पण पिलं मोठी झाल्यावर सोडायची कुठं? त्यांना माळच लागणार.

आमच्या उंटवाल्याच्या गावाला ओरण होतं. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. तिथं कुऱ्हाड चालत नाही, पण गुरं चरतात. अशी कितीतरी ओरणं सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून लिहिलेली आहेत. पडीक म्हटलं की ती जमीन कुणालाही देता येते. म्हातारा म्हणाला, "जिथं माझी शंभर जनावरं जगतात, ते पडीक कसं?"

मंडळी, हा प्रश्न आपल्याही गावाला लागू आहे. आपल्या माळावर गुरं चरतात, ससे राहतात, टिटवी अंडी घालते. त्या माळाची नोंद दप्तरात कशी आहे? आता आपल्याला वाचता येतं. तलाठ्याकडे जाऊन ती नोंद वाचू या. चूक दिसली तर ग्रामसभेत उठून बोलू या. एवढं आपल्या हातात आहे.