रिकाम्या हातांनी जन्मलेलं पिल्लू

आजचा भाग डुकरांवर आहे. हो, बरोबर ऐकलंत, डुकरांवर. पण उकिरड्यावर फिरणारी नाहीत. ही डुकरं बंद, स्वच्छ, गाळलेल्या हवेच्या खोल्यांत वाढतात, त्यांचं खाणं मोजून दिलं जातं, आणि आत जाणाऱ्या माणसाला आधी अंघोळ करून कपडे बदलावे लागतात.

पण त्याआधी एक प्रश्न. समजा, तीन दिवसांच्या बाळाला एखादं नवं औषध द्यायचंय. ते आधी कुणावर तपासायचं? मोठ्या माणसावर तपासून डोस कमी करायचा, असं बरीच वर्षं चालत आलं. पण बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे ना! त्याचं यकृत वेगळं काम करतं, मूत्रपिंडं वेगळी, आणि प्रतिकारशक्ती तर अजून घडतेच आहे. युरोपात 2007 पासून कायदाच आला, की नवीन औषध लहान मुलांसाठी कसं तपासणार ते कंपनीने आधी सांगायचं. मग प्रश्न आला, की वाढत्या वयाचा प्राणी कुठला घ्यायचा? उंदीर स्वस्त, पण उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची प्रतिकारयंत्रणा आपल्या बाळाच्या मानाने फारच कच्ची असते. माकड जवळचं, पण महाग, पिल्लू एका वेळी एकच, आणि मनाला टोचणारं. या दोघांच्या मधे उभं आहे मिनी डुक्कर.

साधं डुक्कर दोनशे-अडीचशे किलोपर्यंत सहज जातं. नवं औषध सुरुवातीला ग्रॅमच्या हिशोबात बनतं, आणि डोस किलोमागे द्यायचा असतो. म्हणजे एवढ्या मोठ्या जनावरावर तपासायचं तर औषधच पुरणार नाही. म्हणून अमेरिकेत मिनेसोटातल्या हॉर्मेल इन्स्टिट्यूटमध्ये 1949 पासून लहान चणीची डुकरं तयार करायला सुरुवात झाली. पुढे 1960च्या दशकात जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने त्या मिनेसोटा डुकरांचा व्हिएतनामी ढेरपोट्या डुकरांशी संकर केला, आणि नंतर कातडी गोरी हवी म्हणून जर्मन लँडरेस जात मिसळली. औषधाने त्वचेवर पुरळ उठतंय का, हे काळ्या कातडीवर नीट दिसत नाही, म्हणून. हेच ते ग्योटिंगेन मिनीपिग. पूर्ण वाढलं तरी चाळीसेक किलो, आणि जन्मताना जेमतेम अर्धा किलो. आणि हो, प्रजात तीच, सुस स्क्रोफा. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं साध्या डुकरांवर शोधलं गेलंय आणि मिनी डुकरांना तसंच लागू पडतं.

आता यांची प्रतिकारशक्ती घडते कशी? डुकरीण साधारण 114 दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा सोपा हिशोब. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. त्यांची पहिली चाहूल गर्भाच्या विसाव्या दिवसाच्या आसपास लागते, तीही बलकपिशवीत. तिसाव्या दिवसाच्या सुमारास हे काम यकृतात जातं, आणि पंचेचाळिसाव्या दिवसानंतर अस्थिमज्जेत. एखादं दुकान दोनदा जागा बदलून शेवटी मुख्य बाजारात स्थिरावतं ना, तसं. टी पेशी मात्र थायमस ग्रंथीत घडतात. आपली थायमस छातीत असते, डुकराची मानेतून वरपर्यंत पसरलेली असते.

हे गर्भातलं पिल्लू लढू शकतं का? त्याचं उत्तर डुक्करपालकांना प्रयोगशाळेआधीच मिळालं होतं. डुकरांमध्ये पार्व्होव्हायरस नावाचा विषाणू असतो. गाभण मादीला तो झाला, आणि गर्भ सत्तर दिवसांच्या आतला असेल, तर पिल्लं पोटातच मरून सुकून जातात. सत्तर दिवसांनंतर तोच विषाणू पोचला, तर पिल्लू स्वतःच्या अँटिबॉडी बनवतं आणि बहुतेक वेळा वाचतं. म्हणजे जन्माच्या दीड महिना आधीच त्याच्याकडे शस्त्र बनवायचा कारखाना तयार असतो.

कारखाना तयार, पण गोदाम रिकामं. इथे खरी गंमत आहे.

तुम्ही खरवस खाल्लाय ना? तो बनतो चिकापासून, म्हणजे गाय किंवा म्हैस व्यायल्यावर येणाऱ्या पहिल्या दाट दुधापासून. गावाकडे म्हातारी माणसं ओरडतात, आधी वासराला पोटभर पाजा, मग तुमचा खरवस. ते अगदी शास्त्राला धरून आहे. माणसात आईच्या अँटिबॉडी वारेतून थेट बाळाच्या रक्तात जातात, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आपली वार पातळ. आईचं रक्त बाळाच्या बाजूच्या पेशींना थेट भिडतं, आणि तिथला एक खास रिसेप्टर अँटिबॉडी उचलून पलीकडे पोचवतो. गाय आणि डुकरीण यांची वार जाड असते. डुकरिणीत तर आई आणि पिल्लाच्या रक्तामध्ये पेशींचे पूर्ण सहा थर असतात. एकही अँटिबॉडी पलीकडे जात नाही.

म्हणून डुकराचं पिल्लू रिकाम्या हातांनी जन्मतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून. त्यासाठी पिल्लाचं आतडं पहिले काही तास उघड्या दारासारखं असतं, चिकातल्या अँटिबॉडी न पचवता अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घेतं. चोवीस ते छत्तीस तासांत हे दार बंद. तिकडे आईच्या चिकातल्या अँटिबॉडीही पहिल्याच दिवसात झपाट्याने कमी होतात. म्हणजे दोन्हीकडून घड्याळ चालू. दहा भावंडांत जे अशक्त पिल्लू सडापर्यंत पोचलंच नाही, ते बऱ्याचदा पुढच्या काही दिवसांत कुठल्यातरी साध्या जंतूने जातं.

आईकडून आलेल्या या अँटिबॉडी हळूहळू संपतात, आणि पिल्लाच्या स्वतःच्या वाढायला काही आठवडे लागतात. मधे एक खड्डा पडतो. हा खड्डा आपल्या बाळांनाही चुकत नाही. आपल्याकडे गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर का देतात? आधी दिली तर आईच्या शिल्लक अँटिबॉडी लसीतल्या विषाणूलाच गाठतात, आणि बाळाची यंत्रणा काही शिकतच नाही. फार उशीर केला तर खड्ड्यात गोवर गाठतो. लस बनवणाऱ्यांना हा हिशोब सतत करावा लागतो, आणि तो करायला डुकराचं पिल्लू फार सोयीचं. कारण इथे आईचा वाटा संशोधकाच्या हातात असतो. चीक पाजला तर अँटिबॉडी आहेत, नाही पाजला तर नाहीत. माणसाच्या बाळात असं वेगळं काढताच येत नाही.

याच्याही पुढे गेलेले लोक आहेत. चेक विज्ञान अकादमीच्या नोव्ही ह्राडेक इथल्या प्रयोगशाळेत मिनेसोटा वंशाच्या मिनी डुकरांची पिल्लं शस्त्रक्रियेने काढून थेट निर्जंतुक पेटीत वाढवली गेली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जॉन बटलर यांनीही अशाच पेटीतल्या पिल्लांवर अनेक वर्षं काम केलं. आईचा चीक नाही, आतड्यात एकही जीवाणू नाही. मग दिसलं काय? प्रतिकारयंत्रणा आहे, पण झोपलेली. बाहेरचं प्रथिन टोचलं तरी नीट उत्तर देत नाही. आतड्यात एक जरी जीवाणू सोडला की यंत्रणा जागी होते. आणि जिवंत जीवाणूच हवा असंही नाही. जीवाणूच्या डीएनएचे किंवा आवरणाचे तुकडे दिले तरी ती बरीचशी हलते. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. कारखाना आतून तयार, पण चालू करायचं बटण बाहेर!

2009 मधे ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पिल्लांचे तीन गट केले. एक मोकळ्यावर मातीत, एक बंद गोठ्यात, आणि एक वेगळ्या स्वच्छ पेटीत, रोज अँटिबायोटिक देऊन. मातीतल्या पिल्लांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस जास्त होते, आणि आतल्या पिल्लांच्या आतड्यात दाह वाढवणारी जनुकं जास्त चालू होती. यावरून कुणी लगेच बाळाला चिखलात सोडू नका हं. मातीत लॅक्टोबॅसिलसबरोबर जंतही असतात.

आता थोडं सावध. डुक्कर माणसासारखं आहे, असं ऐकलं की आपल्याला वाटतं सगळंच जुळतं. नाही जुळत. डुकराच्या लसिका ग्रंथी चक्क उलट्या असतात, जे आपल्यात बाहेर ते त्यांच्यात आत. पेशी त्या ग्रंथीतून लसिकेत न जाता सरळ रक्तात उतरतात. आपल्या रक्तात टी पेशींवर साधारणपणे सीडी4 किंवा सीडी8 यातली एकच खूण असते. डुकरांत दोन्ही खुणा असलेल्या पेशी भरपूर, आणि वय वाढेल तशा वाढतात. गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी तर लहान पिल्लांच्या रक्तात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे औषध दिल्यावर आकडा बदलला, तर तो औषधाने बदलला की वयाने, हे कळायला आधी निरोगी पिल्लांचे आठवड्या-आठवड्याचे आकडे हातात हवेत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याच्या बातम्या होत नाहीत, पण त्याशिवाय बाकी सगळं हवेत.

आणि एक काम हे डुक्कर करूच शकत नाही. आजकालची बरीच महागडी औषधं स्वतःच अँटिबॉडी असतात. गरोदर बाईला ती दिली तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतात. गाभण डुकरिणीला दिली तर सहा थरांच्या अलीकडेच अडकणार. निकाल येईल ‘गर्भ सुरक्षित’, आणि त्याला काही अर्थ नसेल. तिथे अजूनही माकडाकडेच जावं लागतं.

मग हे प्राण्यांवर करायचंच का? हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारणार, आणि विचारायलाच हवा. अमेरिकेने 2022च्या अखेरीस आणि भारताने 2023 मधे नियम बदलून, पेशी आणि चिपवरच्या चाचण्यांनाही औषध तपासणीत जागा दिली. हे चांगलंच झालं. पण जन्म, पहिलं दूध, पहिला जीवाणू, आणि महिन्यानंतरचा तो खड्डा, हा सगळा प्रवास चिपवर दाखवणं अजून जमलेलं नाही. माझं मत विचाराल तर, या कामात जितकी डुकरं वापरली जातात, त्यातल्या प्रत्येकाकडून निघेल तेवढी माहिती काढून ती सगळ्यांना खुली ठेवली पाहिजे. तोच प्रयोग दुसऱ्या कंपनीने पुन्हा करणं मला पटत नाही.

शेवटी एक गोष्ट, जिथे हे सगळं एकत्र येतं. जानेवारी 2022 मधे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात एका माणसाला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं. ते डुक्कर मिनी जातीचं नव्हतं. फार वाढू नये म्हणून त्याचं वाढीशी संबंधित एक जनुक बंद केलं होतं. रुग्ण दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकराचा सायटोमेगालोव्हायरस सापडला. आधी नाकातल्या नमुन्याची चाचणी निगेटिव्ह आली होती. विषाणू आत लपून बसला होता. मार्च 2024 मधे बोस्टनला जे मूत्रपिंड बसवलं, ते मात्र युकातान जातीच्या मिनी डुकराचं होतं, 69 जनुकीय बदल केलेलं.

हा सायटोमेगालोव्हायरस पिल्लाला येतो बहुधा आईकडूनच, जन्मानंतर जवळ राहून. म्हणून अवयवांसाठीची पिल्लं आईपासून फार लवकर वेगळी करतात. पण मग रक्ताची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती खरी कुणाची? पिल्लाला विषाणू झालाय म्हणून, की पहिल्या दिवशी प्यायलेल्या चिकातून आईच्या अँटिबॉडी आल्या म्हणून? लहान पिल्लात हे एका चाचणीत सांगता येत नाही. काही आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासावं लागतं. आईच्या अँटिबॉडी असतील तर आकडा उतरत जातो. स्वतःच्या असतील तर चढतो, आणि मग त्या पिल्लाचं हृदय कुणालाही देत नाहीत.

चला, आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात.