प्रौढांचे इंग्रजी आणि वाक्याची घडण
(प्रौढ शिक्षण वर्गांच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. त्याआधीच्या पिढीच्या वाट्याला इंग्रजी उशिरा आले, आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्या वाट्याला ते जवळजवळ आलेच नाही. ही माणसे आज संसारात आणि व्यवसायात स्थिरावलेली आहेत. गावचा कारभार मराठीतून चालतो, तो तसाच चालावयास हवा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाचा हेतूही तोच होता. परंतु युरोपात द्राक्षे पाठविणारा नाशिककडील बागायतदार, परप्रांतातील रुग्णालयात नोकरी धरलेली परिचारिका किंवा व्यापारी जहाजावर चढलेला कोकणातील खलाशी यांना इंग्रजी वाक्यावाचून गत्यंतर नसते. असा मनुष्य दिवसभराचे काम आटोपून रात्रीच्या वर्गाला येतो. काही आठवडे येतो, आणि पुष्कळदा येईनासा होतो.

याचे कारण बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल. पन्नास माणसांच्या ग्रामसभेत ठराव मांडून तो मंजूर करून घेणाऱ्या व्यक्तीला वर्गात 'ए फॉर ॲपल' म्हणावयास लावले, की तिचा संकोच वाढतो. दुसऱ्या टोकाचे शिक्षक पहिल्याच दिवशी फळ्यावर कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या व्याख्या लिहितात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट विसरली जाते. प्रौढ विद्यार्थी वाक्याच्या बाबतीत नवशिका नसतो. त्याच्यापाशी मराठी वाक्य पक्के असते, आणि त्याच्या इंग्रजीतील बहुतेक चुका त्या पक्केपणातूनच येतात. म्हणून त्या चुका निष्काळजीपणाच्या खुणा न मानता, मराठीचे कोणते नियम तो इंग्रजीत नेतो आहे याच्या खुणा मानाव्यात.

'मुंगूस सापाला मारते' हे वाक्य घ्यावे. यातील शब्द हलवून 'सापाला मुंगूस मारते' किंवा 'मारते मुंगूस सापाला' असे म्हटले, तरी मरतो तो सापच. 'ला' हा प्रत्यय सापाला चिकटलेला आहे. साप वाक्यात कोठेही जाऊन बसला तरी तो प्रत्यय त्याची ओळख सांगतो. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत. तेथे ओळख सांगते ती जागा. 'द मंगूस किल्स द स्नेक' यात मुंगूस मारते. दोन नामांची अदलाबदल केली, की साप मुंगसाला मारतो. (मुंगसासाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्द मूळ मराठीतूनच तेथे गेला आहे, हे वर्गात अवश्य सांगावे. परकी भाषा थोडी जवळची वाटू लागते.) मराठीत प्रत्यय जे काम करतो ते इंग्रजीत जागा करते, एवढे एक तत्त्व विद्यार्थ्याच्या मनात ठसले, तर पुढचा निम्मा मार्ग सोपा होतो.

हे ठसविण्यास खर्चिक साधने लागत नाहीत. जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुरतात. 'शेतकरी', 'बाजारात', 'कांदा', 'विकतो' अशा चार पट्ट्या मांडून विद्यार्थ्यांनाच त्या हलवू द्याव्यात आणि अर्थ टिकतो की नाही ते विचारावे. मग इंग्रजी पट्ट्या घ्याव्यात : 'द फार्मर', 'सेल्स', 'अनियन्स', 'इन द मार्केट'. मराठी मनाला क्रियापद शेवटी हवे असते, म्हणून 'फार्मर मार्केट इन अनियन सेल' असे वाक्य प्रथम हमखास तयार होते. त्यात 'इन'सुद्धा 'बाजारात'मधील 'त' प्रमाणे नामाच्या मागे जाऊन बसलेला असतो. शिक्षकाने हसू नये, आणि वर्गालाही हसू देऊ नये. ते वाक्य मराठी व्याकरणाप्रमाणे अगदी बिनचूक आहे, असे सांगून तीनच पट्ट्या हलवाव्यात : क्रियापदाची पट्टी कर्त्याच्या शेजारी, 'अनियन'ची पट्टी क्रियापदाच्या शेजारी, आणि 'इन'ची पट्टी 'मार्केट'च्या पुढे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत कर्ता गाळता येतो. 'आलो', 'आलीस', 'येतात' एवढ्यावरून कोण ते कळते. 'उशीर झाला' यात तर 'तो' किंवा 'ते' असे काही म्हणण्याची गरजच भासत नाही. इंग्रजी वाक्याला मात्र पुढे कोणीतरी बसलेला हवाच असतो. सांगण्यासारखा कोणी नसेल तर 'इट'ला बसवितात. 'इट इज लेट', 'इट इज रेनिंग'. हा 'इट' म्हणजे कोण, असे प्रौढ विद्यार्थी हटकून विचारतो, आणि प्रश्न रास्त असतो. सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवावयाची नाही म्हणून कोणाला तरी बसवावे, तसा तो बसविलेला आहे, हे उत्तर पंचायतीच्या सदस्यांना चटकन पटेल.

याच्या उलट 'हे माझे घर' हे मराठी वाक्य क्रियापदावाचून पुरे होते. त्यामुळे 'धिस माय हाऊस' असे म्हटले जाते. 'मला दोन मुली आहेत', 'मला ताप आहे', 'मला भूक लागली आहे' ही वाक्येही अशीच फसवी. मराठीत भूक माणसाला लागते. इंग्रजीत माणूसच कर्त्याच्या जागी येऊन 'आय ॲम हंग्री' म्हणतो, आणि मुली व ताप यांच्यासाठी 'आय हॅव' म्हणतो. ही वाक्ये शब्दाला शब्द लावून कधीच जमत नाहीत. ती अखंड पाठ करून घ्यावीत, आणि रुग्णालयातील संवादासारख्या प्रसंगात पुन:पुन्हा वापरून घ्यावीत.

प्रश्न आणि नकार यांतील 'डू'ची अडचण सर्वांनाच येते. मराठीत शेवटी 'का' किंवा 'नाही' जोडले की काम भागते. त्यामुळे 'यू टेक टी?' आणि 'ही कम नॉट' असे ऐकू येते. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात 'ही कम्स नॉट' अशी रचना सर्रास चालत होती. 'डू'चा नियम तेथेही पुढे स्थिरावला. हे सांगितल्याने चूक दुरुस्त होत नाही, पण चुकणाऱ्याचा चेहरा खुलतो, आणि रात्रीच्या वर्गात त्याचे मोल कमी नाही. सोयीच्या बाजूही दाखवाव्यात. 'जातो', 'जाते' असा लिंगभेद इंग्रजी क्रियापदात नाही. वर्तमानकाळी बहुतेक क्रियापदांना 'ही', 'शी', 'इट' यांच्यासाठी एक 'एस' तेवढा लावावा लागतो.

आता मराठीचा आधार वर्गात किती घ्यावा? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचे इंग्रजी घडले. त्या मार्गाने वाचता-लिहिता येई, मात्र बोलण्याचा सराव बाजूला राहण्याचा धोका असे. त्यावर उपाय म्हणून काही शिक्षकांनी वर्गातून मातृभाषा हद्दपार केली. प्रौढांच्या बाबतीत ही हद्दपारी अनाठायी होय. वाक्याची घडण समजावताना मराठी एकदा स्पष्टपणे शेजारी ठेवावी. त्यानंतर मात्र सराव इंग्रजीतच व्हावा.

सरावासाठी हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेले बदल-तक्ते आजही उपयोगी आहेत. 'आय', 'वुई', 'यू', 'दे' ही चार पदे एका रकान्यात. 'सेल', 'बाय', 'नीड', 'वॉन्ट' दुसऱ्यात. 'मिल्क', 'सीड्स', 'ग्रेप्स', 'वॉटर' तिसऱ्यात. बारा शब्दांतून ६४ वाक्ये तयार होतात, आणि जागा एकदाही चुकत नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी क्रियापदांचे २५ साचे मांडले. रात्रीच्या वर्गाला पहिल्या काही महिन्यांत त्यांतील पाच-सहा पुरेत. तक्त्यातील शब्द मात्र विद्यार्थ्याच्या धंद्यातील असावेत. दूध विकणाऱ्याला पाठ्यपुस्तकातील राजाराणीचे वाक्य कशाला?

साध्या वाक्याला कमी लेखण्याची सवय सुशिक्षितांत आढळते. तिला समुद्रावरील व्यवहार हे चांगले उत्तर आहे. नाना देशांच्या खलाशांत गैरसमज होऊन अपघात घडू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरील संभाषणासाठी प्रमाण इंग्रजी वाक्ये स्वीकारली. त्यांत रचना मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. 'क्वेश्चन', 'वॉर्निंग', 'रिक्वेस्ट' असा शब्द आधी उच्चारून मग वाक्य बोलण्याची सोय आहे, आणि 'मे', 'माइट', 'कुड' यांसारखे संदिग्ध शब्द टाळलेले आहेत. रत्नागिरी-रायगडकडील खलाशी जहाजावर जी वाक्ये बोलतो ती पट्ट्यांच्या खेळातील वाक्यांहून फारशी अवघड नसतात. आणि त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

शिक्षकांनी दुरुस्तीचा क्रम ठरवून घ्यावा. विद्यार्थ्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, मध्ये तोडू नये. प्रथम जागेची चूक दुरुस्त करावी, नंतर गाळलेल्या कर्त्याची किंवा क्रियापदाची, मग काळाची. 'ए' आणि 'द' यांच्या मागे आरंभी लागू नये. मराठीत त्यांना जोड नाही, त्यांचा उलगडा व्हावयास वर्षे लागतात, आणि ते चुकल्याने बाजारात किंवा दवाखान्यात सहसा काही अडत नाही. 'आय सेल मिल्क इन मार्केट' असे कोणी म्हणाले, तर पहिल्या महिन्यात ते वाक्य तसेच स्वीकारावे, आणि किती लिटर, कोणत्या भावाने, असा पुढचा प्रश्न इंग्रजीतून विचारावा.