नवा लॅपटॉप, जुनी ठेव



विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि आपल्यापैकी पुष्कळांना घरचा संगणक बदलावा लागला. सेंगकांगच्या आमच्या घरीही नवा लॅपटॉप आला. मी पेशाने परिचारिका आहे. यंत्रशास्त्र शिकलेली नाही. परंतु जो क्रम मी स्वतः पाळला, तो आपणांपुढे ठेवते.

प्रथम या श्रमांचे कारण सांगते. यंत्र पैसे देऊन पुन्हा आणता येते. त्यात साठवलेली केतुबाची प्रत, अलिबागच्या घराची छायाचित्रे, वडिलांची पत्रे मात्र पुन्हा मिळत नाहीत. १९६२ साली इस्राएलमध्ये धर्मपीठाने आपल्या समाजातील विवाहांपूर्वी वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. पुढे १९६४ साली लढा देऊन आपल्या बांधवांनी समान मान मिळवला, हे आपण जाणता. तेव्हा घराण्याचे कागद म्हणजे केवळ आठवणींची हौस नव्हे.

आता क्रम. पहिल्या दिवशी लॅपटॉप घरच्या वायफायला जोडावा, मॉलमधल्या मोफत वायफायला नव्हे. स्वतःचे काही त्यात घालण्यापूर्वी सर्व अपडेट पूर्ण होऊ द्यावेत. अपडेटला कंटाळा करण्याचे फळ काय असते, ते १२ मे २०१७ रोजी दिसले. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पाडले. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या विषाणूची वाट अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता.

त्यानंतर दोन खाती करावीत. एक व्यवस्थापकाचे, केवळ नवे प्रोग्राम घालण्यासाठी. दुसरे रोजच्या वापराचे. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडले, तर तो लक्षात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. ईमेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी अवश्य लावावी. कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते. विंडोजमध्ये डिफेंडर हा विषाणूरोधक मुळातच असतो. घरगुती वापरास तो पुरतो, फक्त तो चालू आहे ना, हे पाहावे. डिस्क कुलूपबंद करण्याची सोय चालू असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर ठेवावी. ती हरवली, तर संकटसमयी मालकालाही दार उघडत नाही.

“तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो,” असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. सिंगापुरात अशी शंका आल्यास १७९९ या क्रमांकावर विचारता येते.

आता मुख्य गोष्ट: बॅकअप. नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. लॅपटॉपमधली पहिली, बाहेरच्या हार्ड डिस्कवरची दुसरी, ठाण्याच्या बहिणीकडे, अश्दोदच्या मुलाकडे किंवा क्लाउडवर तिसरी. दोन प्रती एकाच कपाटात असतील, तर पाणी आणि आग त्यांना एकच समजतात.

दोन सावधगिरी सांगते. हार्ड डिस्क सदैव जोडून ठेवू नये. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो. आणि फाइल सर्व यंत्रांवर सारखी ठेवणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र इतर ठिकाणांहूनही नाहीसे होते. मी प्रत्येक रोश होदेशला डिस्क जोडते, प्रत घेते आणि काढून ठेवते. रोश होदेश शब्बाथला आला, तर शब्बाथ संपल्यावर.

प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. रुग्णालयात आपत्कालीन ट्रॉलीवरील औषधे व उपकरणे आम्ही नियमित तपासत असू. गरजेच्या क्षणी ती कामाची निघाली पाहिजेत. त्याचप्रमाणे दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादे छायाचित्र परत काढून, उघडून पाहावे. न उघडलेली प्रत म्हणजे केवळ आशा.

१८७४ साली पुण्यात आपल्या समाजासाठी मराठी अनुवादासह हगादा छापली गेली. ती आजही वाचता येते, कारण तिच्या प्रती अनेक घरांत गेल्या. आपल्या घरच्या कागदांनाही तेच संरक्षण द्यावे. येत्या रविवारी घरातील तरुणांना शेजारी बसवून केतुबापासून प्रारंभ करावा. आणि छायाचित्रांतील माणसांची नावे, आपल्याला आठवतात तोवर, फाइलच्या नावातच लिहून ठेवावीत. ते काम कोणताही प्रोग्राम आपल्यासाठी करणार नाही.