कोपीतही खेळता येईल असा वाचा-उपचार
(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, की घरात पहिला दोष आईला. 'तूच त्याच्याशी बोलत नाहीस.' आपल्या बीडची ही आई दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते, पाच-सहा महिने कोपीत राहते, पहाटेपासून मोळ्या बांधते. तिनं कधी बोलायचं?

आधी मुलाचे कान तपासून घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाप्रमाणे अंगणवाडीत तपासणी आणि पुढे उपचार मिळायला हवेत. वाचा-भाषेचं अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही मानलं आहे. तेव्हा हे हक्कानं मागा.

घरचा उपचार म्हणजे 'म्हण, म्हण' असा तगादा नव्हे. एक विषय धरून आठवडाभर खेळायचं. बाजार मांडला तर 'कांदा दे', 'अजून दे', 'संपला'. मातीचे बैल केले तर 'चल', 'थांब', 'पाणी पी'. तेच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात. आपण बोलून जरा थांबायचं. मुलानं नुसतं बोट दाखवलं तरी ते उत्तर धरायचं आणि त्याचा शब्द आपण म्हणायचा.

याला पैसा लागत नाही, कोपीतही जमतं. पण वेळ लागतो. तो थोरल्या बहिणीची शाळा बुडवून काढू नका. बापानंही खेळायला बसावं. आणि ऊसतोडीच्या तळावर अंगणवाडी हवी, ही मागणी आपण सगळ्याजणींनी मिळून लावून धरू या.